कोठडीत आजारी माणूस असेल तर बाहेरच्यांनी काय करायचं

पोलिसांनी माणूस उचलला की घरचे आधी वकील शोधतात. शोधायलाच हवा. पण त्या माणसाला साखर, बीपी, फिट, दमा, टीबी, हृदयाचा त्रास यातलं काही असेल किंवा रोज दारू पिण्याची सवय असेल, तर एकाने वकिलाला फोन लावावा आणि दुसऱ्याने त्याच वेळी कोरा कागद घेऊन बसावं. मजकूर एवढाच लागतो:

“मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक यांस. माझा भाऊ (नाव, वय) याला आज दुपारी आपल्या ठाण्यात आणलं आहे. त्याला मधुमेह असून सकाळ-रात्र इन्सुलिन लागतं. शेवटचं इन्सुलिन काल रात्री नऊ वाजता घेतलं आहे. ते न मिळाल्यास उलट्या, धाप आणि बेशुद्धी येऊ शकते. डॉक्टरांची चिठ्ठी व औषधं सोबत दिली आहेत. त्याची वैद्यकीय तपासणी करून औषध चालू ठेवावं, ही विनंती.” खाली तारीख, वेळ, सही आणि फोन नंबर.

आजाराचं नाव, औषधाचं नाव, शेवटचा डोस कधी घेतला आणि डोस चुकला तर काय होईल, या चार गोष्टी त्यात पाहिजेतच. दोन प्रती काढा. एक ठाणे अंमलदाराला द्या आणि दुसरीवर पोच घ्या: शिक्का, सही, वेळ. पोच देत नसतील तर तोच कागद मोबाइलवर फोटो काढून ठाण्याच्या ईमेलवर पाठवा आणि वकिलाकडे द्या, म्हणजे तो कोर्टात दाखवील. पोच मिळेपर्यंत हलू नका, असं मी प्रत्येकाला सांगते. तोंडी सांगितलेलं आजारपण ड्यूटी बदलली की संपतं.

मी परिचारिका. माझी नोकरी सरकारी रुग्णालयांत झाली आणि त्यातली बरीच वर्षं कैदी वॉर्डात गेली. निवृत्तीनंतर लालबागला घरी असते. ओळखीच्या एक वकीलबाई कैद्यांच्या नातेवाइकांना माझ्याकडे पाठवतात. केस पेपर वाचून घ्यायला, आणि कधी कधी पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट समजून घ्यायला. दुसऱ्या प्रकारची माणसं कमी यावीत म्हणून हे लिहिते आहे.

“नैसर्गिक” या रकान्यात काय काय मावतं

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दर वर्षी तुरुंगांची आकडेवारी काढतो. २०२२ साली देशभरातल्या तुरुंगांत १,९९५ बंदी मरण पावले. त्यातले १,७७३ मृत्यू “नैसर्गिक” म्हणून नोंदले आहेत. त्याच्या पोटात आजारपण आणि म्हातारपण, आणि आजारपणात सगळ्यात वर हृदयविकार. मग फुप्फुसं, यकृत, मूत्रपिंड, टीबी, कॅन्सर वगैरे.

इन्सुलिन न मिळून गेलेला तरुण मुलगा आणि ऐंशीव्या वर्षी झोपेत गेलेले आजोबा या कोष्टकात शेजारी शेजारी बसतात. अवयवाचं नाव बरोबर असतं, पण त्यावरून काहीच कळत नाही. मी रिपोर्ट हातात घेतला की आधी दोन तारखा शोधते: त्याने दुखणं पहिल्यांदा कधी सांगितलं आणि डॉक्टरने त्याला पहिल्यांदा कधी तपासलं. माणूस वाचतो किंवा जातो तो या दोन तारखांच्या मधल्या वेळात. बाहेरून आपल्याला उपचार करता येत नाहीत, पण पहिली तारीख कागदावर आणणं आपल्या हातात आहे. ती आली की दुसरी लवकर येते, कारण उद्या जाब द्यावा लागेल हे आतल्यांनाही कळतं.

लॉकअपमधले पहिले तीन-चार दिवस

सगळ्यात जास्त दुर्लक्ष दारूकडे होतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

रोज हाफ किंवा त्याहून जास्त पिणाऱ्याची दारू अटकेमुळे एकदम बंद होते. सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप लागत नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जणांना भास होऊ लागतात: भिंतीवर किडे दिसतात, कुणी नसताना कुणाशी तरी बोलतात, कपडे ओढतात, ताप चढतो, नाडी धावते. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास त्यात माणूस मरतो. आता हिशेब बघा. शुक्रवारी रात्री अटक झाली, शनिवारी हॉलिडे कोर्टात उभा केला तेव्हा तो बरा दिसत होता. रविवारी रात्री लॉकअपमध्ये तो ओरडायला लागतो आणि सगळे म्हणतात, नाटक करतोय, नाहीतर वेड लागलंय. असल्या माणसाला गप्प करायला हातपाय बांधून पालथा पाडला तर श्वास कोंडून तो आणखी लवकर जातो.

यावर उपाय साधा आहे आणि प्रत्येक सरकारी रुग्णालयात आहे: लोराझेपाम किंवा डायझेपामच्या गटातलं औषध, आणि ग्लुकोजचं सलाइन लावण्याआधी थायमिनचं इंजेक्शन. म्हणून चिठ्ठीत लिहा: “रोज दारू घेतो, अंदाजे किती, शेवटची कधी, आणि पूर्वी बंद केल्यावर फिट आली होती का.” घरचे हे लपवतात. आईला लाज वाटते, बायकोला वाटतं की केसमध्ये त्याच्यावर उलटेल. केसमध्ये जे व्हायचं ते होईल. हे आधी लिहा.

दारूचा दुसरा धोका बरोबर उलटा आहे. डोक्याला मार लागलेला माणूस बरळतो, झोकांड्या देतो, झोपतो. तोंडाला दारूचा वास येत असेल तर सगळ्यांची समजूत होते की उतरेल सकाळपर्यंत. कवटीच्या आत रक्तस्राव होत असताना माणूस आधी शुद्धीवर असतो, बोलतो, चहाही पितो आणि मग काही तासांत बेशुद्ध होतो, असं मी पाहिलेलं आहे. ब्रिटनच्या पोलिसांना नियमच आहे की नशेत असलेल्या माणसाला किमान दर अर्ध्या तासाने जाऊन उठवायचं. नुसतं गजाआडून बघायचं नाही, उठवायचं, नाव विचारायचं, हात वर करायला सांगायचं. आपण ठाण्यात बसलेले असू तर ठाणे अंमलदाराला नम्रपणे हीच विनंती करावी. उठत नसेल, जोरजोरात घोरत असेल, पुन्हा पुन्हा उलट्या होत असतील, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसत असेल तर सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात ताबडतोब नेलं पाहिजे. तिथल्या तिथे १०८ला फोन लावा.

मग मुका मार. हे मला सविस्तर लिहायचं आहे, कारण यातून होणारा मृत्यू कागदावर हमखास “किडनी फेल” म्हणून येतो. मांड्या, पोटऱ्या, पार्श्वभाग, तळवे यांवर खूप मार बसला तर आतला स्नायू चिरडतो. वरून कातडी नीट असते, कधी जराशी निळसर. चिरडलेल्या स्नायूतलं द्रव्य रक्तातून मूत्रपिंडात जाऊन साचतं. एक-दोन दिवसांत लघवी काळ्या चहासारखी होते, मग कमी होते, मग बंद. रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदय थांबतं. तोवर माणूस पोलीस कोठडीतून तुरुंगात गेलेला असतो, त्यामुळे मृत्यू तुरुंगाच्या नावावर पडतो आणि मारहाणीचा प्रश्न कुणी विचारत नाही.

भेट झाली तर लघवीचा रंग विचारा. संकोच करू नका. गडद असेल तर वकिलाकरवी दंडाधिकाऱ्यांसमोर अर्ज द्या आणि त्यात तपासण्यांची नावं घाला: सीपीके, क्रिएटिनिन, पोटॅशियम, लघवी. वेळेत भरपूर सलाइन मिळालं तर मूत्रपिंड वाचतं. आणि अशा माणसाला दुखण्यावर ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक देऊ नये, ती औषधं मूत्रपिंडावर आणखी भार टाकतात. अर्जात हेही एका ओळीत लिहा.

बाकीचे थोडक्यात. लहानपणापासून इन्सुलिनवर असणाऱ्याला एक-दोन दिवस ते चुकलं की पोटदुखी, उलट्या, खोल श्वास, तोंडाला गोडसर वास. याला पोटाचं दुखणं समजून झोपवून ठेवतात. उलट, इन्सुलिन दिलं आणि जेवण वेळेवर मिळालं नाही तर साखर उतरून बेशुद्धी येते, म्हणून चिठ्ठीत जेवणाचंही लिहा. फिटची गोळी अचानक बंद झाली तर एकामागून एक फिट येतात. पाच मिनिटांवर चाललेली फिट म्हणजे रुग्णालय. दमेकऱ्याचा पंप अंगझडतीत काढून घेतात, तो परत मिळावा म्हणून स्वतंत्र ओळ लिहा. डायलिसिसवर असेल तर पुढची तारीख कधी आहे हे सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात.

रिमांडच्या दिवशी कोर्टात

अटकेपासून २४ तासांत आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. मुंबईत किल्ला कोर्ट, भोईवाडा, कुर्ला, वांद्रे, अंधेरी, कुठेही जा, तिथे गर्दी असते आणि तुमच्या माणसाच्या वाट्याला थोडीच मिनिटं येतात. न्यायाधीश विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? मागे पोलीस उभे असतात. माणूस म्हणतो, नाही. “तक्रार नाही” अशी नोंद होते आणि आजारपण तिथेच बुडतं.

म्हणून वकिलाला आधीच सांगा की मारहाणीचा विषय निघो न निघो, आजाराचा अर्ज वेगळा द्यायचा. एका परिच्छेदाचा चालतो. मागणी अशी: तपासणी करावी, औषध चालू ठेवावं, आणि ही बाब रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, घ्यावी. रोजनाम्यात आलेली ओळ कुणाला पुसता येत नाही. वकील नसेल तर कोर्टातच विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो; १५१०० या नंबरवर विचारता येतं.

कायद्याचा आधार तोंडपाठ ठेवावा, उपयोगी पडतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ५३व्या कलमाप्रमाणे अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे आणि तिच्या अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने नेमलेल्या माणसाला मिळाली पाहिजे. प्रत मागा. ५६व्या कलमाप्रमाणे आरोपीच्या प्रकृतीची वाजवी काळजी घेणं ही ताब्यात ठेवणाऱ्याची जबाबदारी आहे. आणि डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितलेलं आहे की कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी व्हावी. ही तपासणी पुष्कळदा उभ्या उभ्या होते. “काही होतंय का?” “नाही.” सही. तुमच्या माणसाला भेटीत शिकवून ठेवा की डॉक्टरला आजाराचं नाव आणि औषधाचं नाव सांगायचं, आणि हे लिहून घ्या असं म्हणायचं.

तुरुंगात गेल्यावर

पुरुषांना आर्थर रोड, ठाणे, तळोजा, कल्याणची आधारवाडी. बायकांना बहुधा भायखळा. आर्थर रोडला मंजूर जागेच्या कितीतरी पट माणसं असतात, बराकीत कुशीवर झोपावं लागतं. अशा गर्दीत एकाचा खोकला सगळ्यांचा होतो.

दाखल करताना तुरुंगाचा डॉक्टर तपासतो. त्याच्या हातात जुनी कागदपत्रं गेली पाहिजेत: शेवटचं डिस्चार्ज कार्ड, ईसीजी, औषधाची चिठ्ठी, ऑपरेशन झालं असेल तर त्याचा कागद. सगळ्याच्या झेरॉक्स काढा, मूळ प्रती घरी ठेवा. बाहेरचं औषध सरळ बंद्याच्या हाती देत नाहीत. ते चिठ्ठीसह वैद्यकीय अधिकाऱ्याच्या मंजुरीने जातं आणि अडलं तर कोर्टाचा आदेश आणावा लागतो. हा आदेश रिमांडच्या दिवशीच मागून ठेवला तर गेटवरच्या खेपा वाचतात.

टीबीचे उपचार चालू असतील तर निक्षय आयडी द्या. त्या नंबरवर रुग्णाची नोंद देशभर सापडते, औषध फुकट आहे, आणि मधेच सुटलं तर आजार औषधाला दाद देईनासा होतो. मुंबईत असा हट्टी टीबी भरपूर आहे. आधी टीबी नव्हता, पण मुलाखतीला (तुरुंगातल्या भेटीला) दर खेपेला माणूस वाळलेला दिसतोय, दोन आठवड्यांवर खोकला आहे, संध्याकाळी अंग कोमट होतं, तर थुंकीची सीबीनॅट तपासणी आणि छातीचा एक्सरे मागा. एचआयव्हीची औषधं चालू असतील तर एआरटी केंद्राचं पुस्तक वैद्यकीय अधिकाऱ्याच्याच हाती द्या, बराकीत चर्चा होऊ देऊ नका.

पावसाळ्यात ताप, पोटऱ्या दुखणं, लाल डोळे किंवा डोळ्यांत पिवळेपणा म्हणजे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो. नुसतं पॅरासिटामॉल घेऊन चालत नाही. खरूज सगळ्यांना होते आणि सगळे ती हसण्यावारी नेतात. फोड पिकले, अंगावर सूज आली, लघवी लाल झाली, की ती खरूज राहिलेली नसते, ती मूत्रपिंडापर्यंत पोचलेली असते.

आता हृदय. छातीत दुखतं म्हणून सांगितलं की आतमध्ये पहिलं उत्तर “गॅस झालाय” हे असतं आणि ॲसिडिटीची गोळी मिळते. खुद्द बंदीही तसंच समजतो. साखर असलेल्याला तर हृदयविकारात दुखतच नाही कधी कधी, नुसता घाम, धाप, गळून गेल्यासारखं. मुलाखतीच्या काचेतून किंवा ई-मुलाखतीच्या स्क्रीनवर त्याला नेमकं काय सांगायचं ते पढवा. “बरं वाटत नाही” एवढ्यावर कुणी उठत नाही. “छातीवर दडपण आहे, डावा हात आणि जबडा भरून येतो, घाम फुटतो, जिना चढताना वाढतं, काल रात्रीपासून” असं सांगितलं तर डॉक्टरला ईसीजी काढावाच लागतो. एक ईसीजी चांगला आला म्हणून विषय संपत नाही. दुखणं चालू असेल तर तो पुन्हा काढायचा असतो आणि रक्तातली ट्रोपोनिनची तपासणी लागते. रात्री बराक बंद झाल्यावर दुखायला लागलं तर शेजारच्याने वॉर्डरला हाक मारावी आणि वेळ लक्षात ठेवावी, हेही आधी ठरवून ठेवायला सांगा.

वयस्कर बंद्यांच्या बाबतीत आजाराच्या नावापेक्षा, त्याला स्वतःचं स्वतः काय करता येतं, हे लिहिण्याचा जास्त उपयोग होतो. एल्गार परिषद प्रकरणात अटक झालेले पाद्री फादर स्टॅन स्वामी यांचं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. ऑक्टोबर २०२०मध्ये अटक झाली तेव्हा ते ८३ वर्षांचे होते, पार्किन्सनमुळे हातात पेला धरता येत नव्हता, आणि पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला. मे २०२१मध्ये त्यांनी उच्च न्यायालयाला सांगितलं की तळोज्याला आलो तेव्हा मी स्वतः चालत होतो, अंघोळ करत होतो, जेवत होतो, आणि हे एक एक करत गेलं. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात, जामिनाचा अर्ज प्रलंबित असताना, ते गेले. त्यांनी कोर्टापुढे स्वतःची प्रकृती ज्या शब्दांत मांडली ती पद्धत घ्या. दर भेटीनंतर वहीत लिहा: आज आधाराशिवाय उभा राहिला का, पेला हातात धरला का, ओळख पटली का, वजन किती उतरल्यासारखं वाटलं. तीन महिन्यांची अशी वही जामिनाच्या अर्जाला जोडली तर तिला वजन येतं. आजारी किंवा अशक्त व्यक्तीला जामीन देताना कोर्टाला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८०मध्ये वेगळी मुभा आहे, ते वकिलाला ठाऊक असतं.

भायखळ्याला बहीण, मुलगी असेल तर रक्तस्राव, गरोदरपण आणि हिमोग्लोबिन यांबद्दल विचारा. बायका स्वतःहून सांगत नाहीत. मनाच्या आजारावरची औषधं कुणाचीही असोत, एकदम थांबता कामा नयेत. पूर्वी कधी जीव द्यायचा प्रयत्न झाला असेल तर ते अधीक्षकांना बंद पाकिटात लेखी कळवा, आणि जामीन फेटाळला गेला त्या आठवड्यात मुलाखत चुकवू नका.

“पोलीस पार्टी मिळाली नाही”

जे. जे. किंवा दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात न्यायचं तर बरोबर पोलीस बंदोबस्त लागतो. तो नसला की अपॉइंटमेंट जाते. कैदी वॉर्डात आमच्याकडे पोचणाऱ्यांपैकी कित्येकांच्या कागदावर आधीच्या हुकलेल्या तारखा असायच्या. हुकलेली प्रत्येक तारीख लिहून ठेवा आणि दोन तारखा हुकल्या की कोर्टात अर्ज करा: अमुक तारखेला तुरुंगाच्या डॉक्टरने पाठवायला सांगितलं होतं, पोलीस बंदोबस्ताअभावी नेलं नाही, आता दिवस ठरवून न्यावं आणि अहवाल कोर्टात सादर करावा. “अहवाल सादर करावा” हे शब्द विसरू नका. त्यांशिवायचा आदेश फाइलमध्ये पडून राहतो.

केस पेपर मिळत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा आणि वरच लिहा की हा जीविताचा प्रश्न आहे. अशा अर्जाला ४८ तासांत उत्तर देणं बंधनकारक आहे. आणि एक ताकीद तुमच्या माणसाला जरूर द्या: रागाने किंवा कंटाळून “उपचारास नकार” अशा कागदावर सही करायची नाही. ती सही नंतर सगळ्यांची सुटका करते, त्याची सोडून.

मृत्यू झाला तर

फोन बहुतेक वेळा “तब्येत बिघडली आहे, या” असाच येतो. एकट्याने जाऊ नका. वकिलाला किंवा शिकलेल्या नातेवाइकाला बरोबर घ्या.

कोठडीतल्या मृत्यूची चौकशी पोलिसांच्या तपासाशिवाय दंडाधिकाऱ्यांनी वेगळी करायची असते, संहितेच्या १९६व्या कलमाखाली. शक्य असेल तिथे नातेवाइकांना कळवून चौकशीला हजर राहू द्यायचं, असं त्याच कलमात आहे. तेव्हा त्याच दिवशी लेखी द्या: आम्हाला हजर राहायचं आहे, आमचे जबाब घ्यावेत. तुमच्याकडची पोच घेतलेली चिठ्ठी, कोर्टातला अर्ज, वही हे सगळं त्या जबाबाला जोडा. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला असा मृत्यू २४ तासांत कळवायचा, हा आयोगाचा १९९३पासूनचा निर्देश आहे, आणि पोस्टमॉर्टेमचं चित्रीकरण करावं हे आयोगाने १९९५पासून सांगितलेलं आहे. चित्रीकरण होतंय का, विचारा. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवावं असा अर्ज त्याच दिवशी द्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२०च्या निकालात ते किमान एक वर्ष ठेवायला सांगितलं आहे.

देह पाहिल्याशिवाय पंचनाम्यावर सही नको, आणि कोऱ्या कागदावर तर नकोच. पोस्टमॉर्टेमआधी डॉक्टरांना आजाराचा इतिहास सांगा, कारण त्यांच्यासमोर फक्त पोलिसांचा कागद असतो. मारहाणीचा संशय असेल तर मांड्या, पाठ, तळवे कापून आतला स्नायू बघावा अशी लेखी विनंती करा, मुका मार वरून दिसत नाही. अंत्यविधीची घाई करायला सांगतील. शंका पूर्ण फिटेपर्यंत निदान दहन करू नका. दफन केलं तर पुन्हा तपासणी होऊ शकते, दहनानंतर नाही.

मग रिपोर्ट. “कार्डिओरेस्पिरेटरी फेल्युअर” एवढंच लिहिलं असेल तर ते कारण नव्हे. हृदय आणि श्वास प्रत्येकाचाच शेवटी थांबतो. रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर फॉर्म ४, म्हणजे मृत्यूच्या कारणाचं डॉक्टरी प्रमाणपत्र, असतो. त्यात सगळ्यात वर शेवटचं कारण, आणि खालच्या ओळींत ते कशामुळे झालं ते लिहायचं असतं. मी खालची ओळ आधी वाचते. ती कोरी असेल तर विचारा की का कोरी आहे.

विचारायचे प्रश्न इंग्रजांच्या काळातच कुणीतरी नीट लिहून ठेवले होते. १८९४च्या तुरुंग कायद्याच्या १५व्या कलमात, बंदी मेला तर डॉक्टरने नोंदवहीत काय लिहायचं याची यादी आहे: पहिल्यांदा आजाराची तक्रार केली तो दिवस, त्या दिवशी काय काम आणि काय आहार होता, डॉक्टरला कळवलं तो दिवस, दवाखान्यात दाखल केलं तो दिवस, आजाराचं स्वरूप, मृत्यूआधी डॉक्टरने शेवटचं कधी पाहिलं, मृत्यू कधी झाला. चौकशीत हे प्रश्न याच क्रमाने लेखी विचारा आणि प्रत्येकाचं उत्तर तारीख-वेळेसह मागा.

यात पैशाचाही प्रश्न आहे आणि तो मागायला लाजायचं कारण नाही. एप्रिल २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तुरुंगातल्या मृत्यूंसाठी भरपाईचं धोरण मंजूर केलं. त्यात वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूला पाच लाख रुपये आहेत, आजारपणाने झालेल्या नैसर्गिक मृत्यूला काही नाही. म्हणजे तक्रारीच्या आणि तपासणीच्या त्या दोन तारखांवर तुमचं सगळं अवलंबून आहे. नाकारलं तर उच्च न्यायालयाचा रस्ता आहे. मूलभूत हक्क मोडल्याबद्दल सरकारकडून भरपाई मिळू शकते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३मध्येच निलाबती बेहरा प्रकरणात ठरवलं आहे. सीएसएमटीसमोरच्या राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करायची तर घटनेपासून एक वर्षाच्या आत.

“मत राखून ठेवलं आहे” असा शेरा पोस्टमॉर्टेमवर असेल तर व्हिसेरा (विषतपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने) कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आणि हृदय-मूत्रपिंडाचे तुकडे पॅथॉलॉजी विभागात गेलेले असतात. हे अहवाल यायला महिने लागतात, आणि आले तरी पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरकडे अंतिम मतासाठी पोचतातच असं नाही. तपास अधिकाऱ्याकडून नमुने पाठवल्याचा जावक क्रमांक घ्या, दर महिन्याला त्या क्रमांकाने लेखी चौकशी करा, आणि अंतिम मत आल्याखेरीज दंडाधिकाऱ्यांनी चौकशी बंद करू नये असा अर्ज देऊन त्याची पोच घ्या.